अध्यक्ष पाण्यात उतरतात

मोतीलालजी निमजे यांना फक्त एक प्रश्न विचारायचा होता. पुढे जे घडलं, म्हणजे मंडळ, शिक्का, बॅनर, तलाव आणि खुद्द मोतीलालजींचं निधन, ते सगळं त्या एका प्रश्नातून निघालं. आणि त्यात आपली काही चूक होती असं त्यांना स्वतःला तरी आजतागायत वाटलेलं नाही.

प्रश्न मुलीचा होता. मोनिका नौदलात अग्निवीर म्हणून निवडली गेली आणि ओडिशात चिलकाला प्रशिक्षणाला गेली. भंडाऱ्याच्या बाजारात हातमागाच्या साड्या विकणाऱ्या घरातली ही पोरगी, समुद्र तिने पाहिला तो मोबाइलवर. फोन रविवारी दुपारी, तोही दहा मिनिटं. बाकीचे सहा दिवस, तेवीस तास आणि पन्नास मिनिटं बापाने करायचं काय, याची सोय सरकारने केलेली नव्हती. ती व्हॉट्सॲपने केली.

ग्रुपचं नाव 'नौसैनिक अभिभावक परिवार'. देशभरातले नऊशेच्या वर आईबाप त्यात होते आणि सगळे एकमेकांना धीर देत होते. धीर देण्याची पद्धत अशी, की एकाने लिहायचं, 'आज बेटे की आवाज भारी लगी.' दुसऱ्याने विचारायचं, 'खांसी तो नहीं?' तिसऱ्याने कळवायचं की आमच्या गावात एकाला असाच खोकला झाला होता, बिचारा. संध्याकाळपर्यंत अख्ख्या तुकडीला न्यूमोनिया झालेला असे आणि चाळीसेक आया देवासमोर बसलेल्या असत. पुढच्या रविवारी मुलगा सांगे, की फोनवर बोलताना त्याच्या तोंडात लाडू होता.

या सगळ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ॲडमिन बाईंना ग्रुपात 'बडी मम्मी' म्हणत. त्यांची दोन्ही मुलं नौदलात होती, त्यामुळे एकुलतं एक लेकरू पाठवणाऱ्यांपेक्षा त्यांचा हुद्दा वरचा. कोणी किती काळजी करावी आणि कुठल्या वेळेत करावी, हे त्या ठरवत.

मोतीलालजींनी महिनाभर नुसतं वाचलं. दुकानात गिऱ्हाईक जांभळ्या रंगात करवती काठ मागे आणि हे समोर हिरवा टाकून फोनमध्ये डोकं घालत. मग एका रविवारी मोनिका म्हणाली, "बाबा, इथं पोहण्याची परीक्षा असते. सगळ्या पोरी शिकल्या. माझ्या हातातून कडेचा दांडाच सुटत नाही." नापास झाली तर मागच्या तुकडीत बसवतात, असं ग्रुपात कोणीतरी लिहिलं होतंच. मोतीलालजींनी त्याच संध्याकाळी आयुष्यातला पहिला संदेश टाकला.

विदर्भातल्या माणसाला हिंदी येतेच, ती शिकावी लागत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. त्यांनी लिहिलं, 'मेरी लड़की को पोहना नहीं आता. मार्गदर्शन करें.'

पोहणे या शब्दाला हिंदीत निराळा शब्द आहे हे त्यांना ठाऊक होतं. तो त्या वेळी आठवला नाही एवढंच. पहिलं उत्तर आलं, 'चिंता न करें भाईसाहब, वहां खाना बना-बनाया मिलता है.' दुसरं इंदूरहून आलं, 'पोहा धोकर दस मिनट रखें. सौंफ जरूर डालें.' एका बाईंनी कळवलं की त्यांच्या मुलीचे पोहेही लगदा होतात, पण लग्नानंतर येतं सगळं. यावर लुधियानाचे एक गृहस्थ खवळले: 'बेटी देश की रक्षा करेगी या पोहा बनाएगी? ऐसी सोच पर शर्म आती है.' त्यांना ऐंशी अंगठे मिळाले. ज्या बापाने सगळ्या नातेवाइकांशी भांडून मुलीला नौदलात पाठवलं, तो बाप दोन तासांत स्त्रियांच्या प्रगतीचा शत्रू ठरला.

मोतीलालजींनी खुलासा केला, 'पोहना मतलब पानी में हाथ-पांव मारना.' तो खुलासा बडी मम्मींनी तत्काळ काढून टाकला. सुरक्षेचं कारण होतं. पाण्याचा उल्लेख करू नये, दुश्मन वाचतो आहे.

हे सगळं त्यांच्या खांद्यावरून भय्याजी वाचत होते. भय्याजी शेजारी. एका सरकारी कार्यालयात बत्तीस वर्षं टिपणं लिहून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगातल्या सर्व अडचणींचं मूळ अर्ज चुकीच्या टेबलावर जाणं हे होतं.

"तुम्ही डायरेक्ट राष्ट्रीय पातळीवर कायले गेले?" भय्याजी म्हणाले. "आधी जिल्हा पातळी असते. आपल्या जिल्ह्याचं मंडळ काढा अन् मंडळाकडून विचारा."

"मले फक्त पोरीले पोहता कसं येईन, तेवढं विचारायचं हाय जी."

"तेच तं सांगून राहिलो. विचारणारा कोण, व्यक्ती का मंडळ? व्यक्तीले कोणी उत्तर देत नाही."

अशा रीतीने 'भंडारा जिल्हा नौसैनिक पालक सहाय्य मंडळ' जन्माला आलं. अध्यक्ष मोतीलालजी. उपाध्यक्ष एकोडीचे धानाचे शेतकरी घनश्याम कापगते, कारण त्यांचा प्रितम मोनिकाच्याच तुकडीत होता. सचिव भय्याजी, त्यांचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो, पण त्यांनी पालक म्हणून अनुभव पुष्कळ असल्याचं नमूद केलं. नोंदणीला सात माणसं लागतात हे कळल्यावर तिघांच्याही बायका सदस्य झाल्या. त्यातल्या दोघींना हे पुढे तलावावर कळलं. मोतीलालजींच्या पत्नी कुसुमताईंना लगेच कळलं, कारण सही त्यांच्यासमोरच त्यांची म्हणून ठोकण्यात आली. सातव्या आनंदाबाई. त्या कोंढ्याहून लुगडं घ्यायला दुकानात आल्या होत्या.

"माहा भूपेंद्र नागपूरले मोठ्या दुकानात शिक्युरिटीत हाय," त्या म्हणाल्या. "नेवीत नाही, पन ड्रेस हाय. शिट्टी बी हाय."

भय्याजींनी 'गणवेशधारी' असा शेरा मारून त्यांना घेतलं.

नोंदणीच्या खिडकीवरच्या साहेबांनी अर्ज उलटा धरून पाहिला, मग सुलटा. "उद्देश काय?"

"नौसैनिकांच्या पालकांना आधार," मोतीलालजी म्हणाले.

"आधार तर लागतेच. सातही जणांच्या दोन-दोन झेरॉक्स."

"तो आधार नाही जी. मनाचा आधार."

"त्याचं इथं काही होत नाही," साहेब म्हणाले. "अन् नौसैनिक म्हणता तर आपल्या जिल्ह्यात समुद्र कुठं हाय?"

"नाही, म्हणूनच तर पोरीले पोहता येत नाही!" मोतीलालजींचा आवाज चढला. साहेबांनी पाण्याचा विषय असल्यामुळे मासेमारीवाल्यांचं ना-हरकत पत्र आणायला सांगितलं आणि खिडकी लावली. भय्याजींच्या मते हा शुभशकुन होता. ज्या अर्जाला त्रुटी निघत नाही तो अर्ज कोणी वाचलेलाच नसतो.

नोंदणी राहिली, तरी शिक्का तयार झाला. तो छापखान्यातून आला तेव्हा त्यावर 'नौसैनिक पालक'च्या जागी 'नौसैनिक बालक' असं होतं. भय्याजी म्हणाले, एका अक्षराचा फरक हाय, तात्पुरता चालवू.

इथवर सगळं कागदावर होतं. पाण्याकडे वळलं ते पुढच्या रविवारी.

"बाबा, सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी परीक्षा हाय," मोनिका म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "मले नाही वाटत जमंन म्हणून."

मोतीलालजी आता केवळ बाप नव्हते, अध्यक्ष होते. "घाबरायचं नाही. पाणी माणसाले उचलते. आपण फक्त विश्वास टाकायचा."

"तुम्हाले येते बाबा पोहता?"

कुसुमताई गव्हातले खडे निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. मोतीलालजींनी भिंतीकडे तोंड केलं. "येते म्हणजे? वैनगंगेच्या काठचा माणूस हाओ मी."

फोन ठेवल्यावर कुसुमताई एवढंच म्हणाल्या, "मागच्या पुरात अंगणात घोटाभर पाणी आलं तं तुम्ही कपाटावर जाऊन बसले होते."

मोतीलालजी खोटं बोलणाऱ्यांपैकी नव्हते. साडीचा रंग जाईल का विचारलं तर जाईल म्हणून सांगणारा माणूस. त्यांना झोप येईना, जेवण जाईना. शेवटी त्यांनी असा तोडगा काढला, की पुढच्या फोनआधी आपण पोहायला शिकायचं, म्हणजे बोललेलं खरं होईल. हे त्यांनी फक्त घनश्यामला सांगितलं. घनश्याम म्हणाला, "या ना भाऊ, आमच्या गावचा तलाव तुडुंब हाय." घनश्यामने ते फक्त भय्याजींना सांगितलं. शनिवारी सकाळी मोतीलालजी गुपचूप एकोडीला पोचले, तेव्हा तलावाच्या पाळीवर दोन बाभळींच्या मधे बॅनर होतं: 'नौसैनिक बालक सहाय्य मंडळ. भव्य जलतरण शिबिर. प्रमुख आकर्षण: मा. मोतीलालजी निमजे.' खाली अर्धं गाव बसलं होतं, आणि पुढच्या ओळीत भय्याजींनी गाडीत घालून आणलेल्या कुसुमताई आणि बाकीच्या सदस्या, आनंदाबाईंसकट.

परत फिरणं अध्यक्षाला शोभलं नसतं. मोतीलालजी बनियन आणि अर्ध्या चड्डीवर आले. बनियनला भय्याजींनी मंडळाचा बिल्ला लावला. बुडू नये म्हणून घनश्यामने त्यांच्या पाठीला तेलाच्या दोन रिकाम्या प्लॅस्टिक कॅन दोरीने बांधल्या.

"छातीभर पान्यात या भाऊ, मंग पाय सोडा," घनश्याम म्हणाला.

मोतीलालजी छातीभर पाण्यात गेले आणि तिथे उभं राहून त्यांनी पाय सोडण्याऐवजी भाषण सुरू केलं. देशाच्या सागरी सीमा हा विषय होता. 'आपल्या लेकरांनी जर' इथपर्यंत ते आले आणि गाळात पाय सरकला.

आता, कॅन पाठीला बांधल्या की काय होतं, याचा विचार कोणी केलेला नव्हता. कॅनचं काम वर राहण्याचं. त्या वर राहिल्या. त्यामुळे मोतीलालजी खाली राहिले. पाण्यावर दोन पिवळ्या कॅन संथपणे तरंगू लागल्या आणि त्यांच्याखालून बुडबुडे येऊ लागले. पाळीवरच्या लोकांना वाटलं, हा शिबिराचाच भाग आहे. काहींनी टाळ्या वाजवल्या.

पदर खोचून पाण्यात शिरल्या त्या आनंदाबाई. साठीची बाई, पण माहेर तलावाकाठचं. चार हात मारून त्या पोचल्या आणि अध्यक्षांना त्यांनी पिठाच्या पोत्यासारखं उलटं केलं. मोतीलालजींनी श्वास घेतला आणि दोन्ही हातांनी त्यांचा गळा धरला.

"गळा सोडा जी!" आनंदाबाई ओरडल्या. "सोडा, नाही तं दोघंबी जाऊ! सोडा म्हनतो ना!"

त्यांनी सोडला. का सोडला हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही. आणि मग ते उताणे, कॅनवर, आभाळाकडे तोंड करून चार श्वास तसेच राहिले. कोणी धरलेलं नव्हतं. कानात पाणी होतं, त्यामुळे भय्याजींचं काही ऐकू येत नव्हतं. चार श्वास फार बरं वाटलं.

भय्याजींनी अकरा सेकंदांचा व्हिडिओ घेतला. त्यात दोन कॅन आणि बुडबुडे होते. पुढचा भाग घेण्याआधी त्यांनी तो उत्साहाने राष्ट्रीय ग्रुपवर टाकला. मंडळाचे सचिव म्हणून ते हल्लीच तिथे दाखल झाले होते. खाली लिहायचं होतं, की अध्यक्ष पाण्यात उतरले. पण 'उतरे' हा शब्द त्यांना प्रसंगाच्या मानाने हलका वाटला. त्यांनी लिहिलं, 'हमारे अध्यक्ष श्री मोतीलालजी निमजे आज तालाब में समा गए.'

मग सगळे घनश्यामकडे जेवायला गेले. भात आणि लाखोरीच्या डाळीचे वडे होते. मोतीलालजींनी सात वडे खाल्ले. आठव्याला हात घालताना त्यांनी फोन पाहिला.

तीनशे चाळीस लोकांनी 'ॐ शांति' लिहिलं होतं. कोणीतरी त्यांच्या फोटोला झेंडूचा हार घातला होता. लुधियानाच्या त्या गृहस्थांनी लिहिलं होतं, 'बेटियों के मामले में बड़े प्रगतिशील विचारों के थे.' हे वाचून मोतीलालजींना, खरं सांगायचं तर, क्षणभर समाधान वाटलं. मग ते ताडकन उठले आणि 'मैं जिंदा हूं' असं टाइप करू लागले. ते गेलं नाही. शोक म्हणून बडी मम्मींनी ग्रुप संध्याकाळपर्यंत बंद केला होता. लिहिण्याचा अधिकार फक्त त्यांना.

त्यांनी बडी मम्मींना खाजगीत लिहिलं, 'मैं मोतीलाल निमजे. मैं जिंदा हूं.'

उत्तर आलं, 'ऐसे समय में मजाक? शर्म करो.' दुसऱ्या मिनिटाला मृत सभासदाच्या फोनचा गैरवापर होत असल्याचं जाहीर करून त्यांना काढून टाकण्यात आलं.

"असं फोनवर लिहून उपयोग नाही, सहीशिक्क्याचं पाहिजे," भय्याजी शांतपणे म्हणाले. "हयातीचा दाखला द्या. मी दर नोव्हेंबरात देतो."

वड्यांची ताटं बाजूला सारून दाखला लिहिला गेला. 'प्रमाणित करण्यात येते की मंडळाचे अध्यक्ष आजमितीस हयात असून नुकतेच जेवले आहेत.' उपाध्यक्षांची सही, दोन साक्षीदार, शिक्का. फोटो काढून भय्याजींच्या फोनवरून पाठवला. तासाभराने उत्तर आलं: 'मुहर पर तो बालक लिखा है. बच्चे हो, पढ़ाई करो.' आणि भय्याजीही काढले गेले.

मोतीलालजी तणतणत होते. नऊशे लोकांत आपली शोभा झाली, दुकानावर आता कोणत्या तोंडाने बसायचं, वगैरे. कुसुमताईंनी त्यांना मधेच थांबवलं.

"ते सोडा," त्या म्हणाल्या. "उद्या रविवार हाय. नऊशे घरचे फोन जातीन तिथं. पोरीले कोनी सांगितलं तं?"

घनश्यामच्या हातातला तांब्या तसाच राहिला. भय्याजींनी शिक्का पिशवीत ठेवला.

रविवारी मोनिकाचा फोन चारला यायचा. चार वाजले, सव्वाचार झाले. साडेचारला मोतीलालजींनी तिसऱ्यांदा फोन चार्जिंगला लावला, काढला. पाच वाजायला दहा मिनिटं असताना तो वाजला. पलीकडून शब्द नव्हते, नुसतं हुंदक्यांचं येणं-जाणं.

"मोनू," ते म्हणाले, "मी हाओ. मी बोलून राहिलो. जिता हाओ बेटा."

"बाबा?" तिने नाक ओढलं. "बाबा, आमच्या तुकडीतल्या शालूची आई म्हणाली, तुम्ही तलावात..."

"गेलो होतो. निघालो."

"पण तुम्हाले तं पोहता येते!"

दहा मिनिटांतली तीन संपली होती. मोतीलालजींनी अध्यक्षपण बाजूला ठेवलं. "नाही येत. खोटं बोललो मी तुले. मले घोटाभर पाण्याची भीती वाटते. तुया फोनच्या आत शिकून घेऊ म्हणून गेलो, अन् गटांगळ्या खाल्ल्या. आनंदाबाई म्हणून हायेत, त्यांनी काढलं. त्यांचा गळाच धरला होता मी, सुटत नव्हता."

"मग?"

"मग त्या कोकलल्या. तं सोडला. अन् काही झालं नाही बेटा. चार श्वास पाण्यावर होतो मी. बनियन घालून."

पलीकडून एक विचित्र आवाज आला, आणि कुसुमताईंनी घाबरून फोनला कान लावला. पोरगी हसत होती. तिच्या मागे आणखी पाचसहा पोरी हसत होत्या. "बिल्ला होता का बाबा?" मोनिकाने विचारलं. "होता," मोतीलालजी म्हणाले, आणि फोन कटला.

परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. निकाल कळायला पुन्हा रविवार. हा आठवडा त्यांनी ग्रुपशिवाय काढला. फोन गप्प होता. कोणाच्या मुलाला खोकला झाला हे कळत नव्हतं. गिऱ्हाइकाने जांभळा मागितला तर जांभळा निघत होता. बुधवारी आनंदाबाई एसटीने कोंढ्याहून आल्या, दुकानाच्या गादीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पोरीचं कळलं का?" नाही म्हटल्यावर पाणी प्याल्या आणि परतीच्या गाडीने गेल्या. तेवढ्यासाठीच आल्या होत्या. घनश्याम रोज सकाळी एकोडीहून विचारत असे, "काही खबर?" आणि स्वतःच सांगे, "मलेबी नाही."

रविवारी तीनपासूनच सगळे मोतीलालजींच्या घरी जमले. कोणी बोलावलं नव्हतं. भय्याजी इतिवृत्ताची वही घेऊन आले होते, पण ती त्यांनी उघडली नाही. बरोबर चारला फोन वाजला आणि मोतीलालजींनी तो सगळ्यांसाठी स्पीकरवर टाकला.

"बाबा, झाली पास. दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला अर्ध्यातच कड धरली मी. प्रितम बी पास हाय, काकाले सांगा."

मोतीलालजींनी तोंड उघडलं. या प्रसंगासाठी त्यांनी आठवडाभर चार वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही बाहेर पडेना. "नेटवर्क नाही वाटते," असं कसंबसं पुटपुटून त्यांनी फोन कुसुमताईंच्या हातात दिला आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

कुसुमताईंच्या हातात फोन इतक्या महिन्यांत पहिल्यांदा धड आला होता. पदराने हात पुसून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"मोनू," त्या म्हणाल्या, "तिथं तुये केस कोन विंचरून देते बाई?"

"आई, केस कापले ना. पहिल्याच हप्त्यात. तुले वाईट वाटंन म्हणून सांगितलं नाही."

गुडघ्यापर्यंत केस होते पोरीचे. दर रविवारी न्हाणं झालं की मायलेकी अंगणात दुपारभर बसत. मोतीलालजी खिडकीपासून मागे वळले. कुसुमताई फोनकडे बघत राहिल्या.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "पोहून आल्यावर लौकर सुकत असतीन."